बर्फात एकटं जायचंय म्हणता? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गुलमर्गच्या स्नोबोर्डिंगवर (दोन्ही पाय एका फळीला बांधून बर्फावरनं घसरणं) दोन पानं लिहिली तेव्हा वाटलं होतं की मराठवाड्यात हे कोण वाचणार, आपल्याकडं बर्फ म्हणजे एक तर रसवंतीतला नाहीतर गारपिटीचा. पण ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि चक्क दोन पोस्टकार्डं धरून इतके प्रश्न आले की या महिन्याचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलं. निम्म्याहून जास्त जणांनी एकच विचारलंय, एकट्यानं गेलं तर काय होतं. बऱ्याच जणांनी घरी कळू नये म्हणून नाव छापू नका असं लिहिलंय, त्यामुळं सगळ्यांचीच नावं गाळली, गाव तेवढं ठेवलं.

प्रश्न: दादा, मी मूळचा लातूरचा, पुण्यात आयटीत आहे. दोन सिझन मिळून बारा दिवस गुलमर्गला स्नोबोर्ड केलाय, टर्न आता नीट जमतात. यंदा फेब्रुवारीत स्प्लिटबोर्ड भाड्यानं घेऊन गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या पलीकडं बॅककंट्रीत, म्हणजे राखलेल्या उतारांच्या बाहेर, एकटाच जायचा विचार करायलोय. मित्र ऐनवेळी कॅन्सल करतात आणि गाइड परवडत नाही. बीकन, प्रोब, फावडं तिन्ही घेणार आहे. अजून काय सोबत घेऊ? (लातूर)

अजून एक माणूस घे.

चेष्टा करत नाहीये भावा. तू जी तीन सामानं लिहिलीस ना, ती तिन्ही अ‍ॅव्हलांचमध्ये, म्हणजे उतारावरनं सुटून आलेल्या बर्फाखाली, गाडलेल्याला काढणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी असतात. तुझ्या छातीवरचा बीकन ४५७ किलोहर्ट्झवर सारखा ओरडत राहतो, मी इथंय मी इथंय म्हणून, पण ऐकायला दुसऱ्याच्या हातात बीकन लागतो ना. प्रोब म्हणजे ती घडीची लांब काठी, ती बर्फात खुपसून बघणार तो दुसरा, आणि फावड्यानं उकरणारही तोच. तू आत असशील तेव्हा तुझं फावडं तुझ्याच पाठीवरच्या सॅकमध्ये असेल. अ‍ॅव्हलांचचा बर्फ वाहतो तोवर पाण्यासारखा असतो आणि थांबला की सिमेंटसारखा बसतो, मीटरभर खाली असलेल्या माणसाला बोट हलवता येत नाही, आणि त्याला काढायला टनभर तरी बर्फ बाजूला करावा लागतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक माणसं जगतात, अर्धा तास झाला की आकडा धाडकन खाली येतो. तू लातूरचा आहेस, ३० सप्टेंबर १९९३ ला बहुतेक जन्मलाही नसशील, पण किल्लारीच्या वेळी ढिगाऱ्यातनं कोण कसं निघालं ते घरातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचार. आतल्यानं बाहेरच्याच्या हाताशिवाय निघायचं म्हटलं तर निघता येत नाही. इथं तर वर हाक मारली तरी ऐकू जात नाही, बर्फ आवाज गिळतो.

एअरबॅगवाली सॅक असते, दोरी ओढली की फुगून माणसाला वरच्या थरात ठेवायला मदत करते, ती एक वस्तू एकट्याच्या कामी येते खरी. पण ती तुला देवदारावर आपटण्यापासून किंवा नाल्यात जाण्यापासून वाचवत नाही.

आता उताराचं. लोकांना वाटतं कडा जितका उभा तितका धोका. तसं नाहीये. फारच उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा झडत राहतो. फसवा उतार ३० ते ४५ अंशांचा, त्यातही ३८ च्या आसपासचा, आणि नेमका तोच बोर्डवाल्याला सगळ्यात जास्त आवडतो. घरातला साधा सिमेंटचा जिना ३०-३५ अंशांचा असतो. म्हणजे तुझ्या लातूरच्या घराचा जिना दोनशे मीटर उंच केला आणि त्यावर बर्फ टाकला की झाली अ‍ॅव्हलांचची जागा, त्यात भीतीदायक असं काहीच दिसत नाही. मोंढ्यात ज्वारीची रास लावताना बघितलं असशील, रास पंचवीस-तीस अंशांपर्यंत उभी राहते आणि नंतर वरनं कितीही ओता, दाणे खालीच घरंगळतात. बर्फाचं वाईट असं की तो ज्वारीसारखा प्रामाणिक नाही. तो एकमेकाला चिकटून जास्त उभ्या उतारावरही मुकाट बसून राहतो, आणि मग कुणीतरी वर पाय ठेवतो.

हे समजून घ्यायला मी घरी एक उद्योग केला होता, तूही कर. मोठा स्टीलचा ट्रे घे, त्यात ओलं करून पिळलेलं गोणपाट अंथर, त्यावर ज्वारीचं पीठ टाकून हातानं दाब, हा झाला जुना बर्फ. त्यावर साखरेचा पातळ थर दे. त्यावर परत पीठ, हे जरा दाबून सपाट कर. मोबाइलमध्ये अंश दाखवणारं अ‍ॅप असतं, फोन ट्रेच्या कडेला टेकव आणि एक बाजू हळूहळू उचल. बराच वेळ काही होत नाही. मग वरच्या पिठात आडवी एक रेघ पडते, सुरीनं कापल्यासारखी, आणि वरचा अख्खा थर पोळीसारखा सरकून खाली येतो. माझ्याकडं एकदा ३४ ला सुटला, एकदा ३१ लाच. (बायकोनं पिठाचा आणि साखरेचा हिशोब अजून मांडून ठेवलाय.) ती साखर म्हणजेच खरा विलन. डिसेंबरात थोडाच बर्फ पडतो, मग आठ-पंधरा दिवस निरभ्र कडाक्याची थंडी, अशात खालच्या बर्फाचे दाणे मोठे, कोरडे, कोनदार होतात, एकमेकाला धरत नाहीत. पुढं जानेवारीत त्यावर दोन-तीन फूट ताजा बर्फ येतो, वारा तो एका बाजूला नेऊन दाबून बसवतो, वरनं दिसतो नुसता गुळगुळीत पांढरा उतार. साखर आठवडे न् आठवडे खाली तशीच असते. आणि जीवघेण्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा तो थर सोडणारा तो माणूस स्वतः किंवा त्याच्या सोबतचाच असतो, वरनं आपोआप आलेलं संकट नसतं ते.

अफरवटचं अजून एक. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, दुसरा टप्पा तुला ३,९५० मीटरच्या आसपास नेऊन सोडतो आणि तिथनं दोरी लावलेला जो भाग आहे तो स्की पेट्रोलचे गस्तवाले बघतात, गरज पडली तर स्फोट करून बर्फ आधीच पाडतात. दोरीच्या बाहेर पाऊल टाकलंस की तू आणि तुझं नशीब. पलीकडच्या बाजूला तर नियंत्रण रेषा जवळ आहे, लष्कराचा भाग आहे, तिथं एकटा माणूस पाठीला सॅक लावून भटकताना दिसला तर अ‍ॅव्हलांच राहिलं बाजूला, वेगळीच चौकशी होईल. १ फेब्रुवारी २०२३ ला याच अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गकडं एक रशियन गेला. दोन्ही वेळा गट होता, एकटं कुणी नव्हतं, आणि बाकीचे जिवंत निघाले.

गाइड परवडत नाही म्हणतोस तर सकाळी गोंडोलाच्या रांगेत उभा राहा आणि तोंड उघड. तिथं तुझ्यासारखे एकेकटे आलेले चार-सहा जण रोज असतात, चौघांत गाइड वाटून घेतला की खर्च चौथ्या हिश्श्यावर येतो. आणि बारा दिवस, राग मानू नको, पण बारा दिवसांत माणूस उतरायला शिकतो. स्प्लिटबोर्डवर तुला आधी चढायचंय, बोर्ड मधनं उघडून त्याच्या दोन पट्ट्या करून खाली स्किन (चढताना मागं घसरू न देणारी पट्टी) चिकटवून तीन-चार तास, आणि मग थकलेल्या मांड्यांनी दुपारी चारला, ऊन गेल्यावर, कधी न बघितलेल्या बर्फावर उतरायचंय. पहिली दोन वर्षं ते ३० अंशांच्या आतल्या उतारावर कर, वर मान करून बघायचं, डोक्यावरही मोठा उतार लटकत नको. मजा कमी येत नाही, खरंच सांगतो.

प्रश्न: नमस्कार. आमचं लेकरू २३ वर्षांचं आहे, बर्फात एकटं जायचं म्हणायलंय. नाही म्हटलं तर न सांगता जाईल याची भीती. तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा. (बीड)

काका, मी सांगून ऐकेल असं वाटत नाही, माझ्या वडलांचं मी ऐकलं नव्हतं. पण नाही म्हणण्यापेक्षा त्याला कोर्सचे पैसे द्या. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था आहे, दार्जिलिंगची जुनी हिमालयन संस्था आहे, तिथला बेसिक कोर्स जवळजवळ महिनाभराचा असतो. पहाटे उठवतात, ओझं वाहायला लावतात, भांडी घासायला लावतात, आणि परत येईपर्यंत पोरगा अर्धा शहाणा झालेला असतो. नुसतं घसरायला शिकलेल्यापेक्षा आधी डोंगर शिकलेला बरा.

पण कोर्स केला म्हणजे काळजी मिटली असं मी तुम्हाला सांगणार नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर त्याच उत्तरकाशीच्या संस्थेची तुकडी अ‍ॅव्हलांचमध्ये सापडली, २९ जण गेले, त्यात शिकवणाऱ्या दोघी होत्या, आणि त्यांतल्या एकीनं, सविता कंसवालनं, त्याच वर्षी एव्हरेस्ट केलं होतं.

त्याला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर कागदावर लिहून मागा. कुठल्या उतारानं चढणार, कुठनं उतरणार. किती वाजता खाली पोचून फोन करणार. आणि त्या वेळेनंतर किती तासांनी तुम्ही कुणाला फोन करायचा, त्या माणसाचा नंबर. हॉटेलवाल्याकडं एक कागद, तुमच्याकडं एक कागद. मोबाइलचा फोटो चालणार नाही, कागद. हे तिन्ही ज्याला पाच मिनिटांत लिहिता येत नाही त्याचा प्लॅन अजून तयार नाही, असं खुशाल समजा आणि तिकीट काढू देऊ नका. आणि हो, जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. अर्धे आईबाप नुसते याच्यामुळं रात्रभर जागे राहतात.

प्रश्न: तिकडं रेंज नसते म्हणून परदेशातनं तो छोटा सॅटेलाईट मेसेंजर मागवायचाय, एसओएसचं बटन असतं ते. कुठला चांगला? (हिंगोली)

कुठलाच मागवू नका. आपल्याकडं परवान्याशिवाय सॅटेलाईट फोन किंवा तसला मेसेंजर जवळ ठेवणं गुन्हा आहे, परदेशी ट्रेकर लोकांना विमानतळावर याच्यावरनं ताब्यात घेतलेलं आहे. युरोपातला माणूस एकटा जातो तेव्हा त्याच्या खिशात ते बटन असतं, मागं हेलिकॉप्टर असतं. त्याचे व्हिडिओ बघून आपण निघतो तेव्हा हा फरक कुणी सांगत नाही. रेंज नसेल तिथं कागद आणि माणूस, दोनच उपाय.

प्रश्न: मी अजून आयुष्यात बर्फ बघितला नाही, पण शिकायचंय. स्की आधी का स्नोबोर्ड? आणि जायचं कसं? मैत्रिणी कुणी तयार नाहीत म्हणून एकटीच जाईन म्हणते. (अंबाजोगाई)

ताई, शिकायला एकटी अगदी बिनधास्त जा, तिथं बॅच असते, एकटी अशी राहतच नाहीस. एकटं जाणं आणि डोंगरात एकटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वरच्या लातूरवाल्यानं त्या एकत्र केल्यात.

परभणी गाठायचं, नांदेडहून सुटणारी सचखंड धरायची, ती जालना, संभाजीनगर, मनमाड करत दिल्लीला नेते. तिथनं औलीला जायचं तर हरिद्वार-ऋषिकेश करून जोशीमठ, पहाटेची बस, दिवसभर वळणं, ओकारीची गोळी सोबत ठेव. औलीला गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे स्की कोर्स असतात. गुलमर्गला जायचं तर आता कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे झालीय, जून २०२५ पासून. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, टंगमर्गच्या पुढं बर्फ असला की चाकाला साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. गुलमर्गला केंद्र सरकारची स्की आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिचे कोर्स लवकर भरतात. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ धर, म्हणजे आपल्याकडं हुरडा चालू असतो तेव्हा. औलीचा बर्फ अलीकडं फार लहरी झालाय, बुक करायच्या आधी तिथल्या कुणाला तरी फोन लावून विचार.

स्की पहिल्या दिवशी सोपी वाटते आणि पुढं अवघड होत जाते. स्नोबोर्डचं उलटं, पहिले तीन दिवस नुसतं बूड आणि गुडघे, रडू येतं, चौथ्या दिवशी अचानक काहीतरी जुळतं. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात त्यामुळं पडताना माणूस हात टेकतो आणि नवशिक्यांची मनगटं जातात. रिस्ट गार्ड घे, आणि पडताना मूठ आवळून कोपरावर, पंजा उघडा टेकायचा नाही. कुठला पाय पुढं ठेवायचा हे घरीच कळतं, सॉक्स घालून फरशीवर पळत येऊन घसर, जो पाय आपोआप पुढं जातो तो तुझा पुढचा. डावा असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. दुसऱ्या दिवशी ते तुला पिंपळाच्या पानासारखं खाली उतरायला लावतील, तोंड खाली, मागच्या कडेवर उभं राहून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, हलत हलत. कंटाळू नको. पुढं आयुष्यभर जिथं कुठं घाबरशील तिथं हेच पान तुला खाली आणणार आहे.

प्रश्न: तुम्ही लोकं नुसतं घाबरवता. तो फ्रान्सचा पोरगा एव्हरेस्टवरून स्नोबोर्डवर उतरला तेव्हा त्यानं मासिकवाल्यांना विचारलं होतं का? एकट्यानं गेल्याशिवाय डोंगर कळत नाही. तुम्ही स्वतः कधी गेलात का एकटे? (नांदेड)

मार्को सिफ्रेडी म्हणताय ना. हो, २३ मे २००१, नॉर्टन कुलवारनं (कुलवार म्हणजे डोंगरातली अरुंद उभी घळ) उतरला, नुकती बाविशी पूर्ण केलेली. शामोनीचा पोरगा, आल्प्सच्या पायथ्याशी वाढलेला, वडील गाइड. तुमची गोष्ट तिथंच थांबली म्हणून पुढची सांगतो. पुढल्या वर्षी तो परत गेला, यावेळी हॉर्नबाइन कुलवार, अजून अवघड. ८ सप्टेंबर २००२ ला शेर्पांसोबत माथ्यावर पोचला, शेर्पा आपल्या वाटेनं खाली निघाले आणि हा बोर्ड बांधून एकटा. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही, आजतागायत नाही. काय झालं तेही कळलं नाही, कारण बघायला सोबत कुणी नव्हतं. मला त्या पोराबद्दल आदरच आहे, तुमच्यासारखाच मीही त्याचे फोटो बघून या नादाला लागलो.

आणि हो, मी गेलोय एकटा. त्याचीच गोष्ट सांगतो, लाज वाटते पण सांगतो. माझा तिसरा सिझन, गुलमर्गच्याच खाली बाबा रेशीकडं झाडांतनं उतरणारी वाट. तिथं उतार फार नाही, अ‍ॅव्हलांचची तेवढी भीती नाही, म्हणून मी स्वतःला हुशार समजत दुपारी तीनला एकटा घुसलो. हॉटेलवर सांगितलं नाही कारण रिसेप्शनवर कुणी नव्हतं. रात्री दीड-दोन फूट पडला होता, पिठासारखा. दहा-बारा टर्न इतके सुंदर गेले की मी मोठ्यानं ओरडलो आणि पुढच्याच टर्नला एका मोठ्या झाडाच्या फार जवळ गेलो.

झाडाच्या खालच्या फांद्यांमुळं बुंध्याभोवती बर्फ भरत नाही, आत पोकळ विहीर तयार होते आणि वरनं ती दिसत नाही. मी डोक्यावर गेलो. पाय वर, फळीला बांधलेले, फळी फांदीत अडकलेली, डोकं खाली, तोंडावर सैल बर्फ. हलावं तसा अजून बर्फ आत येतो, कॉलरमधनं, नाकात. हात तोंडापुढं नेऊन श्वासापुरती जागा केली, एवढं एक डोकं चाललं. मग फांदी चाचपडत मागच्या पायाच्या बाइंडिंगपर्यंत पोचायला बघितलं तर क्लिपवर बर्फ गोठलेला, ग्लोव्ह्जमधनं ती दबेना, दातानं ग्लोव्ह काढला, तो खाली गेला तो गेलाच. किती वेळ लागला म्हणाल तर मला तास वाटला, बाहेर आलो तेव्हा घड्याळात तीन चाळीस झाले होते. फोन काढला, सकाळी साठ टक्के होता, थंडीनं मेलेला. सॅकमध्ये आईनं दिलेले धपाटे होते, ते लाकडासारखे झाले होते, एक काखेत धरून मऊ केला आणि त्या झाडाशेजारीच बसून खाल्ला कारण पाय उभे राहू देत नव्हते. अंधार पडता पडता खाली पोचलो. हॉटेलवर कुणीही विचारलं नाही कुठं होतात, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

डोंगर कळला का म्हणाल तर मला त्या दिवशी फक्त त्या एका झाडाचा बुंधा कळला, फार जवळनं.

प्रश्न: शाकाहारी आहे, थंडीत खायचं काय आणि अंगावर घालायचं काय? उंचीचा त्रास होतो का? (धाराशिव)

आपलंच खा. शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचा लाडू, गूळ-खोबरं, हे गोठलं तरी दातानं तुटतं आणि पोटात आग ठेवतं, धपाट्याचं काय होतं ते वर वाचलंच. चॉकलेट दगड होतं. पाणी तहान लागली नाही तरी प्यायचं, बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची, पाणी वरनं गोठतं म्हणून.

कपड्यांत सुती काहीच नको, बनियनसुद्धा नको. घाम सुटला की सुती कापड ओलं राहतं आणि थांबलात की अंगातली ऊब ओढून घेतं. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस, वरनं वारा-पाणी अडवणारं. परभणीला पारा पाच अंशांवर आला की आपण शेकोटी करतो, गुलमर्गला रात्री उणे दहा ही साधी गोष्ट आहे, आणि वर जाल तसं दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश अजून कमी.

उंचीचा त्रास अडीच हजार मीटरच्या वर कुणालाही होऊ शकतो, पैलवानालाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं. पहिले एक-दोन दिवस खालीच खेळा, गोंडोलानं लगेच दुसऱ्या टप्प्याला पळू नका. डायमॉक्स वगैरे डॉक्टरला विचारूनच. आणि गोळी घेतली तरी त्रास वाढला तर खाली उतरायचं, उद्या बघू असं म्हणायचं नाही.

प्रश्न: बर्फ नाही, पैसे नाहीत, सुट्टी नाही. इथंच राहून काही तयारी होते का? (जालना)

होते की. अंतूर किल्ला बघितलाय का, कन्नडकडला? गौताळ्याचं जंगल, अजिंठ्याचा डोंगर, सगळं हाताशी आहे. वनखात्याचे नियम पाळून, पावसाळ्यानंतर, वाट माहीत असलेल्या एखाद्याला सोबत घेऊन जा आणि फोन खिशात ठेवून कागदी नकाशा आणि कंपासवर चाल. उताराचा अंश डोळ्यानं सांगायचा, मग अ‍ॅपनं मोजायचा. मला पहिल्या वर्षी दर वेळी पाच-दहा अंशांची चूक व्हायची, वीसचा उतार तीसचा वाटायचा आणि पस्तीसचाही तीसचाच. आणि एक अवघड सराव, दुपारी दोनला परत फिरायचं ठरवलं तर माथा दहा मिनिटांवर असला तरी दोनला फिरायचं. हे उन्हात, सपाट वाटेवर, पोट भरलेलं असतानाही जमत नाही, करून बघा.

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिवाळ्यात हिमालयाच्या पट्ट्यांसाठी अ‍ॅव्हलांचच्या धोक्याचं बुलेटिन काढते, पाच पातळ्यांचं. डिसेंबरपासून ते रोज वाचायची सवय लावा. पातळी तीन वाचून लोकांना वाटतं पाचातनं तीन म्हणजे मध्यम, पण खूप अपघात त्या तीनलाच होतात, कारण चार-पाचला लोक आपणहून घरी बसतात.

प्रश्न: काका मी सातवीत आहे. बर्फावरून घसरताना आवाज कसा येतो? (परभणी)

हा सगळ्यात चांगला प्रश्न शेवटी उघडला, पोस्टकार्डावर होता.

ताज्या बर्फावर बाळा जवळजवळ आवाजच येत नाही, आजी चाळणीतनं पीठ चाळते तेवढाच. ऊन लागून परत गोठलेल्या बर्फावर बोर्डची कड खरवडल्यासारखी वाजते, पत्र्यावरनं खुर्ची ओढावी तशी, दात आंबतात. वाऱ्यानं वरची पापुद्री कडक झाली असेल तर पापड मोडत चालल्यासारखं.

आणि एक आवाज आहे तो मी आजवर दोनदाच ऐकलाय. सपाटीवर चालत होतो, पाय टाकला आणि पायाखालनं धप्प असा आवाज आला, खोल, जिनिंगमध्ये कापसाची गाठ वरनं जमिनीवर टाकतात ना तसा, आणि माझ्याभोवतीचा सगळा बर्फ बोटभर खाली बसला, दहा-बारा मीटरवरचं एक छोटं झुडूप हललं. खालचा तो साखरेचा थर मोडला की असा आवाज येतो. समोरचा उतार फार सुंदर होता, कुणाचाही माग नव्हता त्याच्यावर. आम्ही तिघं होतो, कुणी काही बोललं नाही. मी बोर्ड काखेत मारला आणि आम्ही आलो त्याच पावलांवरनं चालत खाली गेलो.